वाचक विचारतात: पिकअपवर कॅम्पर चढवला, आता मागचं दिसणार कसं?

गेल्या वेळी या सदरात अमेरिकेतल्या पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या कॅम्परबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ते छोटंसं घरच, आत गादी, शेगडी, सिंक सगळं असतं, ते हौद्यात बसवून फिरायला न्यायचं आणि घरी आलं की त्याच्या चार पायांवर उभं करून खालून गाडी काढून घ्यायची. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी मागच्या कॅमेऱ्याबद्दल आहेत, तेव्हा यावेळचं सदर सगळं त्यालाच देतोय.

प्रश्न: आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आमच्याकडे २०१९ ची फोर्ड एफ-२५० आहे, तिच्यावर सेकंडहॅन्ड कॅम्पर घेतला. कॅम्पर बसवायला मागचा फाळका काढावा लागला आणि कंपनीचा कॅमेरा त्या फाळक्यातच होता, त्यामुळे रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर काही येत नाही. आतल्या आरशात नुसती कॅम्परची भिंत दिसते. वायरवाला कॅमेरा घ्यावा की वायरलेस? नवरा म्हणतो सगळं घरीच करू, मला कॅम्परला भोक पाडायची धास्ती वाटते.

उत्तर: ताई, वायरवाला घ्या. वायरलेस का नको ते पुढच्या पत्राच्या उत्तरात सांगतोच, पण काही विकत घ्यायच्या आधी दोघांनी बसून एक ठरवा, कॅमेरा फक्त गाडी मागे घेताना हवाय की रस्त्यावर चालवतानाही मागचं बघायला हवाय. लोक हे ठरवत नाहीत, ऑनलाइन स्वस्तात दिसला तो मागवतात आणि मग वायरिंग उचकटून परत करायची वेळ येते. माझं मत विचाराल तर कॅम्परवाल्याला दोन्ही हवं. बाहेरचे दोन आरसे तुम्हाला बाजूच्या लेन दाखवतात, पण अगदी पाठीला चिकटून एखादी छोटी गाडी येत असेल तर ती कुठल्याच आरशात दिसत नाही, आणि तुमच्या त्या आय-७० महामार्गावर डोंगर उतरताना गिअरवर गाडी रोखून धरलेली असते तेव्हा मागचा किती जवळ आलाय हे कळलेलं बरं असतं. म्हणून असा सेट बघा ज्याचा मॉनिटर किल्ली फिरवली की चालू ठेवता येतो आणि बंद ठेवला असला तरी रिव्हर्स टाकल्या टाकल्या आपोआप लागतो.

आता वायर. चार पिनांचा गोल, पिळून घट्ट करायचा जोड असलेले सेट मिळतात, बाजारात त्याला एव्हिएशन कनेक्टर म्हणतात, तोच घ्या. यात एकाच केबलमधून चित्र पुढे येतं आणि त्याच केबलमधून मॉनिटर कॅमेऱ्याला करंट पुरवतो, म्हणजे कॅम्परच्या जुन्या वायरिंगला हात लावायचंच कारण उरत नाही. सेकंडहॅन्ड कॅम्परच्या भिंतीत आधीच्या मालकाने काय काय जोडून ठेवलंय देव जाणे, त्यात नवीन काही न जोडलेलंच चांगलं. साधा पिवळ्या पिनचा आरसीएवाला कॅमेरा घेतलात तर त्याला मागेच वेगळा करंट द्यावा लागतो, मग लोक तो रिव्हर्सच्या दिव्यातून घेतात आणि चालवताना कॅमेरा बंद, किंवा वरच्या छोट्या लाल दिव्यांतून घेतात आणि मग हेडलाइट लावल्याशिवाय कॅमेरा लागत नाही. दिवसासुद्धा हेडलाइट लावून चालवायची सवय असेल तर ते चालून जातं, पण सवय नसेल तर ऐन वेळी स्क्रीन काळी.

केबल कुठून न्यायची ते नीट ऐका, कारण कॅम्पर वर्षातून कितीतरी वेळा उतरवायचा असतो आणि तेव्हा केबल सुटी करता आली पाहिजे. कॅमेऱ्यामागच्या भोकातून केबल आत घ्या, वरच्या कपाटांच्या आतून पुढे आणा, आणि कॅम्परचं दिव्यांचं जाड केबल जिथून बाहेर पडतं तिथूनच बाहेर काढा, म्हणजे दुसरं भोक पाडावं लागणार नाही. तिथे, हौद्याच्या पुढच्या टोकाला, जोड ठेवायचा. दिव्यांचा सात पिनचा प्लग आणि कॅमेऱ्याचा जोड शेजारी शेजारी असले की कॅम्पर उतरवताना एक काढला आणि दुसरा विसरला असं होत नाही, नाहीतर गाडी पुढे घेतली की केबल ताणून तुटणार. जोड सुटा असेल तेव्हा दोन्ही तोंडांवर रबरी टोपी लावायची, धूळ आणि बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ आत गेलं की पिना हिरव्या पडतात आणि चित्रावर रेघा यायला लागतात, मग लोक बिचाऱ्या कॅमेऱ्याला दोष देतात. हौद्यापासून पुढे गाडीखालून केबिनमध्ये जाताना जी मूळ वायरिंग जाते तिच्या बाजूनेच जा, जागोजागी झिपटायने, म्हणजे त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, बांधा, सायलेन्सरचा पाइप आणि फिरणारा शाफ्ट यांच्यापासून लांब ठेवा, आणि केबिनच्या पत्र्यातून आत शिरताना रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसवलेलं रबरी कडं, असलेलंच भोक वापरा, उघड्या पत्र्याच्या कडेवर वायर कापली जाते.

मॉनिटरची लाल वायर फ्यूजबॉक्समधल्या अशा फ्यूजवर घ्या जो किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो, त्यासाठी फ्यूजवर बसणारे तयार जोड मिळतात, आणि स्वतःचा छोटा फ्यूज टाकायला विसरू नका. काळी वायर गाडीच्या पत्र्यावरच्या स्वच्छ खरवडलेल्या बोल्टवर. तिसरी वायर रिव्हर्सची, तिचा रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो म्हणून रंगावर जाऊ नका, कागद वाचा. रिव्हर्सचा करंट सात पिनच्या सॉकेटच्या मधल्या पिनवर असतो, तुमच्या गाडीच्या बंपरजवळच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून एकाने रिव्हर्स टाकायचा, ब्रेक दाबून धरायचा, आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून दिवा लागतो का बघायचं. कॅम्परच्या बाजूला मात्र ही मधली पिन काही ठिकाणी जोडलेलीच नसते, तेव्हा कॅम्परच्या प्लगवर विसंबू नका.

हे सगळं आधी जमिनीवर मांडून बघा. कॅमेरा, अख्खी केबल, मॉनिटर, सगळं जोडा आणि चित्र आलं की मगच ड्रिल हातात घ्या.

आणि आता त्या भोकाबद्दल. तुमची धास्ती अगदी रास्त आहे ताई, नवऱ्याला हे वाचून दाखवा. बऱ्याच कॅम्परची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत फोम, मध्ये लाकडाच्या पट्ट्या आणि प्लायवूड. एका स्क्रूच्या बाजूने पाणी झिरपत राहिलं तर बाहेरून काहीही दिसत नाही, आतलं लाकूड कुजत जातं, आणि भिंतीला हात लावल्यावर ती दबते तेव्हा कळतं, तोवर खर्च कॅमेऱ्याच्या कितीतरी पट झालेला असतो. म्हणून आधी कॅम्परचा कागद बघा किंवा मागे वरच्या बाजूला एखादी कोरी झाकणाची पट्टी आहे का बघा, काही कॅम्पर फॅक्टरीतूनच कॅमेऱ्याची वायर टाकून येतात. नसेल तर मागचा वरचा मधला लाल दिवा काढा, त्याच्यामागे भोक आधीच असतं, केबल तिथून आत नेता आली तर नवीन भोक वाचलं. काहीच जमत नसेल तर पाडा भोक, पण कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटच्या खाली ब्यूटाइल टेप लावा, तीच ती काळी करडी चिकट मळलेल्या कणकेसारखी पट्टी, स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि लाकडी पट्टीत जातील असे लावा, फोममध्ये स्क्रू धरत नाही. ब्रॅकेट आवळला की टेप चारी बाजूंनी थोडी बाहेर आली पाहिजे. वरून कडांना कॅम्परसाठीचं लॅप सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, लावायचं, त्यात दोन प्रकार येतात, आपोआप पसरणारं छपरासाठी आणि न ओघळणारं भिंतीसाठी, तुम्हाला न ओघळणारं हवंय, दुसरं लावलंत तर सगळं खाली बंपरवर वाहत येईल. साधं सिलिकॉन लावू नका, ते पुढे सुटतं आणि त्याचा अंश राहिला की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. खालची बाजू मी मोकळी ठेवतो, चुकून पाणी गेलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन ठिपकतं, आत जात नाही. दर हंगामाच्या आधी एकदा शिडी लावून तिथे बघायचं.

कॅमेरा किती वर? जितका वर तितकं लांबचं दिसतं आणि चिखल कमी उडतो. पण कोन असा ठेवा की स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेला तुमच्याच कॅम्परची मागची धार किंवा बंपरची एक पट्टी दिसली पाहिजे, ती दिसली नाही तर वस्तू तुमच्यापासून हातभर आहे की दोन हात हे कळत नाही. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा कारच्या उंचीसाठी आखलेल्या असतात, नऊ-दहा फुटांवरून त्या खोटं सांगतात. त्या बंद करा, बऱ्याच कॅमेऱ्यांना त्यासाठी वायरचा एक छोटा फासा दिलेला असतो तो कापला की रेघा जातात. मग मोकळ्या जागेत मागे ३, ६ आणि १० फुटांवर बादल्या ठेवून स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीच्या खुणा करा. आणि चित्र आरशासारखं आहे ना ते बघा, नवऱ्याला मागे ड्रायव्हरच्या बाजूला हात वर करून उभं करा, तो स्क्रीनवर डावीकडे दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर चित्र फिरवायची सोय कॅमेऱ्यात किंवा मॉनिटरच्या मेनूत असते. हे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, चुकीच्या बाजूला स्टिअरिंग फिरवलं जाईल.

प्रश्न: सिएटलहून लिहितोय. मी वायरलेस कॅमेरा लावला, घरासमोर झकास चालतो, पण कॅम्पग्राउंडवर गेलं की चित्र अडकतं. कॅम्परमध्ये वायफाय राउटर आहे. कॅमेरा बदलू का?

उत्तर: आधी राउटर बंद करून बघा. तुमचा कॅमेरा बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि राउटरही तिथेच, शिवाय कॅम्पग्राउंडवर शेजारच्या प्रत्येक गाडीत एक राउटर. राउटरला ५ गिगाहर्ट्झवर टाकता आलं तर टाका. मॉनिटरचा अँटेना मागच्या काचेजवळ नेऊन बघा. खरं सांगायचं तर पिकअपच्या कॅम्परला वायरलेस अगदीच वाईट नाही, अंतर कमी असतं, तीस फुटी ट्रेलर ओढणाऱ्यांचे हाल जास्त असतात. पण लोकांना वाटतं वायरलेस म्हणजे वायर नाहीच, तसं नसतं, मागे कॅमेऱ्याला करंट द्यावाच लागतो, फक्त चित्राची वायर वाचते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. जुन्या अॅनालॉगमध्ये सिग्नल बिघडला की मुंग्या येतात, तुम्हाला लगेच कळतं. डिजिटलमध्ये चित्र गोठतं, आणि गोठलेलं चित्र अगदी स्वच्छ दिसतं. तुम्हाला वाटतं मागे मोकळं आहे, ते मोकळं दोन सेकंदांपूर्वीचं असतं. नुसता उशीरसुद्धा कमी नाही, ताशी ५ मैलांनी मागे जाताना गाडी सेकंदाला सात फुटांवर जाते, चित्र ०.२ सेकंद उशिरा आलं तर तुम्ही जे बघताय त्यापेक्षा दीड फूट मागे पोचलेले असता. म्हणून वायरलेसवर भरवसा ठेवायचा असेल तर मुंगीच्या पावलाने मागे जा आणि चित्रात काहीतरी हलतंय ना, पान, गवत, सावली, याकडे लक्ष ठेवा. काहीच हलत नसेल तर ब्रेक. राउटर बंद करूनही अडकत असेल तर बदला, आणि बदलताना वरची वायरवाली पद्धत वाचा.

प्रश्न: आमची दोन नातवंडं सुट्टीत आमच्याबरोबर कॅम्परने येणार आहेत, एक तीन वर्षांचं, एक पाच. मी सॅन होजेला राहते. माझा मुलगा म्हणतो की अमेरिकेत मागचा कॅमेरा कायद्याने लागतो, मग कॅम्पर बसवून तो बंद पडला तर आम्ही कायदा मोडतोय का? आणि डॅशबोर्डवर वेगळी स्क्रीन लावलेली चालते का?

उत्तर: काकू, तो नियम नवीन गाड्या बनवणाऱ्यांसाठी आहे. १ मे २०१८ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या प्रत्येक नवीन गाडीला मागचा कॅमेरा देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं, गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा त्यात दिसली पाहिजे. कॅम्परसाठी तुम्ही स्वतः फाळका काढून ठेवलात म्हणून तो नियम तुमच्यामागे लागत नाही. कॅलिफोर्नियात आरशांचा नियम मात्र तुम्हाला लागू आहे, मागे २०० फुटांपर्यंतचा रस्ता आरशात दिसला पाहिजे, तेव्हा कॅम्परच्या रुंदीच्या बाहेर येणारे लांब हाताचे आरसे हवेतच, त्याला कॅमेरा हा पर्याय नाही. वेगळी स्क्रीन चालते, गाडीच्या मागचं किंवा बाजूचं दृश्य दाखवणाऱ्या स्क्रीनला तिथल्या कायद्यात मुभा आहे, फक्त ती काचेसमोर नजरेच्या आड येऊ देऊ नका, डॅशवर खाली बसवा.

पण तुम्ही नातवंडांचं लिहिलंत म्हणून जरा जास्त लिहितो. हा नियम ज्या कायद्यातून आला त्याला एका मुलाचं नाव आहे, कॅमेरॉन गुलब्रॅन्सन, वय दोन वर्षं. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर घराच्याच दारात त्याचे वडील गाडी मागे घेत होते आणि तो मागे आलेला त्यांना दिसला नाही. वडील स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्या घरच्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २००८ मध्ये कायदा झाला आणि प्रत्यक्ष नियम पूर्ण लागू व्हायला आणखी दहा वर्षं गेली. नियम आणताना तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने आकडा दिला होता, मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि १५,००० जखमी, त्यात पाच वर्षांखालची मुलं आणि सत्तरी ओलांडलेली माणसं जास्त. हे साध्या गाड्यांचं. कॅम्परमागे तर अख्खी भिंत आहे.

तेव्हा कॅमेरा लावाच, पण कॅम्पग्राउंडवर मागे घेताना मुलांचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात, आणि तो मोठा माणूस ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी. आपल्याकडे एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो ना, येऊ द्या येऊ द्या करत, अगदी तसं. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम घरात आधीच ठरवून ठेवा. दोघांकडे फोन चालू ठेवून बोलत राहिलात तर आणखी चांगलं, इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. आणि खाली उतरलेल्या माणसाने वरसुद्धा बघायचं. कॅमेरा जमिनीकडे तोंड करून असतो, त्याला झाडाची आडवी फांदी दिसत नाही, आणि बारा फुटांच्या उंचीवर छपराचा कोपरा, एसीचं झाकण, नाहीतर तुमचा नवीन कॅमेराच आधी फांदीला लागतो.

प्रश्न: मी यूटामध्ये एकटाच राहतो. कॅम्पर गाडीवर चढवताना मागे बघायला कोणी नसतं, दोन्ही बाजूंना इंचभर जागा. यालाही कॅमेरा लावता येईल का?

उत्तर: लावता येईल, आणि कदाचित तुमच्याकडे आहेही. केबिनच्या मागे वर जो तिसरा ब्रेकलाइट असतो त्यात बऱ्याच पिकअपना हौद्याकडे बघणारा कॅमेरा दिलेला असतो, स्क्रीनच्या मेनूत कार्गो कॅमेरा म्हणून शोधा. फाळका काढून ठेवला की मागचा कॅमेरा गेला, पण हा राहतो, आणि कॅम्पर हौद्यात शिरताना दोन्ही बाजूंची फट यात दिसते. कॅम्परच्या पुढच्या भिंतीवर बरोबर मध्यावर रंगीत टेपची उभी पट्टी लावा आणि हौद्याच्या पुढच्या कडेच्या मध्यावर दुसरी, दोन्ही एका रेषेत ठेवत मागे या. तिरकं शिरायला लागलं तर तिथेच दुरुस्त करत बसू नका, पूर्ण पुढे घ्या आणि सरळ होऊन परत या. हा कॅमेरा नसेल तर त्या ब्रेकलाइटच्या जागी बसणारे बाजारात मिळतात, फक्त तुमच्या मॉडेलचाच घ्या आणि खालचं रबर नीट बसवा, पाणी तिथूनही केबिनमध्ये येतं. कॅम्पर एकदा बसला की या कॅमेऱ्याला फक्त भिंत दिसते, तेव्हा मागचा वेगळा लागेलच, दोन कॅमेऱ्यांचा मॉनिटर घेतलात तर एकातच भागेल.

प्रश्न: रात्री माझ्या कॅमेऱ्यात पांढरं धुकं दिसतं, दिवसा ठीक. कॅमेरा खराब झाला का? (अॅरिझोना)

उत्तर: बहुतेक नाही. काचेभोवतीचे ते बारीक इन्फ्रारेड दिवे रात्री लागतात आणि काचेवर धूळ असेल तर तीच उजळून धुकं दिसतं. ओल्या मऊ कापडाने पुसा, कोरड्याने घासलंत तर अॅरिझोनाची वाळू काचेवर ओरखडे काढेल. कोळ्याचं जाळंही बघा, दिव्यांवर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी, एक तार जरी काचेसमोर आली तरी रात्री ती पांढऱ्या दोरखंडाएवढी दिसते. पुसूनही गेलं नाही आणि दिवसासुद्धा कडेला बाष्प दिसलं तर मात्र आत पाणी शिरलंय, तो बदला, आणि नवीन घेताना आयपी६९के हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा लिहिलेला घ्या, म्हणजे जोराच्या फवाऱ्याने कॅम्पर धुतलात तरी टिकेल.